पोकळ बाजूला काढ

१४ एप्रिल

धाकटीस,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून हुरळून जाऊ नकोस. आईची बियांची डबी तू जाताना उचलून नेलीस, ती परत पाठव. निळ्या झाकणाची, पूर्वी खोकल्याच्या गोळ्या असायच्या ती. दुसरं काही मागायचं नाही आणि विचारायचंही नाही.

पत्ता मला तोडणीच्या बायकांमधल्या त्या थोराड बाईने दिला. तू म्हणे रुग्णालयाच्या धुलाईखान्यात लागलीस. लोकांच्या रक्ताच्या, पुवाच्या, उलटीच्या चादरी. ऐकूनच हातातला चहा मी मोरीत ओतला. तुझं आपलं बरं आहे, तुला काही जाणवत नाही.

इकडे वाफे पुन्हा पांढरेशुभ्र झालेत. रस्त्याने जाणारे गाडी थांबवतात, 'काय सुंदर फुललंय हो' म्हणत कुंपणापाशी येतात आणि नाकाला रुमाल लावून पळतात. तिसरं वर्ष आहे हे. पलंगाखाली उंदीर मरावा आणि चार दिवस कुणाला पत्ता लागू नये, तसा वास. सकाळी दार उघडलं की माझ्याआधी तोच घरात फिरतो. पडद्यांना येतो, उशीला येतो. परवा पावाला यायला लागला तेव्हा अख्खा पाव कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही.

दोन वर्षं मी ही भामटी, कॅमोमाइलच्या वेषातलं हे तण, उपटते आहे. पण कॅमोमाइलचं पान आणि भामटीचं पान लहानपणी सारखंच, दोरे कातरून टाकल्यासारखं. फूलही तसंच, तीच पांढरी झालर, मधे तेच पिवळं बोंड. आई मला सांगायची, बोंड नखाने उभं चिरून पोटात बघ. पोकळ असलं तर खरी, भरीव असलं तर भामटी. मला अर्थात चिरावं लागत नाही, मला दहा पावलांवरून कळतं. पण कळेपर्यंत ती फुललेली असते, आणि खाली मातीत तिचं बी ठाण मांडून बसलेलं असतं.

खरं बी आता कुठेही नाही. कालव्याच्या ज्या भरावावरून आईने पहिलं रानातलं रोप मुळासकट आणलं, तिथे सिमेंट ओतलंय. दुकानातल्या पाकिटातलं बी उगवतं, फुलतं, पण त्या फुलाला कोमट पाण्याइतकाच वास. आपली फुलं घेऊन चहाच्या पुड्या भरणाऱ्या पुडीवाल्याने एकदा हुंगून परत केलं. म्हणजे राहता राहिली ती डबी. तिच्यातलं बी चौथ्या वर्षात गेलंय. येत्या ऑक्टोबरात मातीवर पडलं नाही तर मरेल, आणि आईने तीस वर्षं जपलेलं फूल संपेल. ते तुझ्या हट्टापायी संपलं असं व्हायला नको.

डबी टपालाने पाठव. सोबत चिठ्ठी लिहिण्याची तसदी घेऊ नकोस.

ताई

६ मे

धाकटीस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल पुडीवाला आला होता. अजून तसाच आहे, कानात घातलेली दात कोरायची काडी तशीच तोंडात घालतो. त्याच काडीने त्याने माझ्या वाफ्यातलं एक फूल उचकून पाहिलं. मला ओकारी येत होती, फुलाने की माणसाने ते सांगता येणार नाही. म्हणतो कसा, "बाई, हे चहात नका घालू, डास पळवायच्या कांडीत घाला. नाव होईल तुमचं." आणि आपल्याच विनोदावर हसला. दात सगळे पिवळे.

तोडणीला यंदा एकही बाई आली नाही. गेली दोन वर्षं हातांवर आलेले फोड त्या अजून विसरलेल्या नाहीत. थोराड बाईचा अंगठा तर महिनाभर सालटत होता, आणि ती प्रत्येक वेळी ते सालटं मला काढून दाखवायची. मी एकटीच हातमोजे घालून उपटते आणि मागच्या पिंपात पाण्यात बुडवून ठेवते, बी धरू नये म्हणून. त्या पिंपाचं झाकण उघडायचं म्हणजे मी आधी दोन मिनिटं मनाची तयारी करते.

जाताना पुडीवाल्याने तुझी चौकशी केली. हे मी लिहिणार नव्हते. "तुमच्या बहिणीच्या जागी निवडीच्या टेबलावर चार नाकवाले बसवले," म्हणाला, "चौघांत मिळून तिच्या एकटीइतकं काम होत नाही." मी म्हटलं, मग काढलंत कशाला? तर म्हणाला, "मी कुठे काढलं? तुम्हीच नाही का सांगितलंत अंगणात, सगळ्यांदेखत?" निर्लज्ज माणूस. त्या दिवशी जे झालं ते झालं. पोत्यामागून पोती परत येत होती, बायका फोड आलेले हात नाचवत होत्या, माझ्या नाकी नऊ आले होते. माणूस रागात बोलून जातो.

असो. लिहायचं कारण वेगळंच. मागच्या गळक्या नळापाशी, भामटीच्या गचपणात, मला खरी रोपं सापडली. अकरा. मी चिखलात गुडघे टेकून एकेक मोजली. पिकल्या सफरचंदाचा तो वास इतक्या दिवसांनी आला आणि मी तिथेच बसून राहिले, पाय भिजेपर्यंत. आईचंच बी कुठून तरी वाहत येऊन टिकलं असणार.

तेव्हा डबी नको. ठेव तुझ्याकडे, कवटाळून बस. माझं भागेल.

ताई

२९ मे

धाकटे,

नळापाशी बोंडं पिकली. मी घाईघाईने सगळी खुडली आणि इथेच चूक झाली. भामटी त्यांच्यात इतकी गुंतलेली की खरी-खोटी मिळून एकच टोपली भरली, आणि एका टोपलीत पडल्यावर सगळ्यांनाच एकमेकींचा वास लागतो. तिथे माझंही नाक चालत नाही. आता एकेक बोंड चिरूनच बघायला हवं, आणि माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालंय. पिवळा पू धरलाय. स्वतःच्याच हाताकडे बघवत नाही, जेवताना तो टेबलाखाली ठेवते.

म्हणून समोरच्या शिंपीकाकांना बोलावलंय. दुकान मुलाला देऊन दिवसभर खिडकीत बसलेले असतात, बोटं अजून सुईसारखी चालतात. सकाळी येऊन बसलेही. चष्मा पुसला, वर्तमानपत्र पसरलं, अंगठ्याचं नख कानशीने घासून तासलं. माणूस कामाचा आहे. फक्त दर दहा मिनिटांनी नाक शिंकरून रुमाल उघडून बघतात, ते मला सोसवत नाही. मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहीत बसले आहे.

हे काम आईचं. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली म्हणून तुझ्याकडे आलं. त्या वर्षीचं मला फारसं आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगते. आठवतं. फिनेल, ओले कपडे, औषधं, आणि त्या सगळ्याखालून येणारा तो आईचा वास. मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहून 'काय हवं नको' विचारायची. आत तू असायचीस, बाह्या वर करून, तिला कुशीवर वळवत. येणारे-जाणारे म्हणायचे, धाकटी किती करते, कधी तोंड वाकडं करत नाही. मी मनात म्हणायची, तिला काय, तिला वासच येत नाही. एकदा आईसमोर बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "नाकमुरडे, वास तुला येतो म्हणून मी घाण होत नाही." हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं नाक गेलं ते सहाव्या वर्षीच्या तापात. आईलाही आपण कळू दिलं नाही, तिला कळलं ते फार उशिरा. तुला आठवतं, जेवताना टेबलाखालून मी तुझं बोट दाबायची? एकदा दाबलं म्हणजे चांगलं आहे, दोनदा दाबलं म्हणजे नासलंय, खाऊ नकोस. दूध, मासे, अंडी. पाहुण्यांकडे, शाळेच्या सहलीत. तू पुडीवाल्याकडे लागलीस तेव्हा म्हणालीस, "ताई, तिथे बोट कोण दाबणार?" आणि मग डोळ्यांनी आणि नखानेच सात वर्षं अशी निवड केलीस की सगळे तुझ्या नाकाचं कौतुक करायला लागले. आपण दोघी घरी पोट धरधरून हसायचो.

काका हाक मारताहेत. झालं वाटतं.

३० मे

काल पत्र टाकायचं राहिलं, त्यालाच जोडते आहे. टाकण्यासारखी स्थिती नव्हती.

मी बाहेर आले तर काकांनी टेबल लखलखीत पुसलं होतं. एका वाटीत बोंडं, मोजून नीट रचलेली. मी म्हटलं, "वा काका! आणि बाकीची?"

"ती पोकळ ना? ती टाकली मागच्या पिंपात. पाण्यात होती ना तुमची घाण सगळी, त्यातच."

मी वाटीतलं एक बोंड उचललं. भरीव. दुसरं भरीव. वाटीभर भामटी.

"काका, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुम्हीच म्हणालात की, पोकळ बाजूला काढा." ते बिचारे चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. "कापड बेतताना आम्ही जे बाजूला काढतो ते केराचंच असतं. आणि पोकळ म्हणजे वाईटच की हो. चांगलं पोकळ मी आयुष्यात पाहिलं नाही."

मी धावले. पिंपाचं झाकण काढलं. तीन आठवड्यांची सडलेली भामटी होती, वर हिरवट साय आलेली, सायीवर अळ्या. नखुरड्याच्या हातासकट मी खांद्यापर्यंत हात आत घातले. शेंबडासारखं काहीतरी बोटांना लागत होतं. मी ते मुठी भरभरून बाहेर काढत होते, जमिनीवर पसरत होते, त्यात बोंडं शोधत होते. काका मागून म्हणत होते, "अहो असू द्या, अहो असू द्या." दोनदा तिथेच ओकले आणि पुन्हा हात घातले. बोंडं चिरलेली होती, बी त्यातून कधीच सुटलं होतं. धुळीएवढं बी, त्या घाणीत काय दिसणार? आणि असलं तरी भामटीच्या बियांत मिसळलेलं.

अकरा रोपं गेली. धाकटे, 'पोकळ बाजूला काढ' हे मी तुलाही सांगितलं होतं, याच शब्दांत. आईच्या खोलीच्या दारातून, आत पाऊल न टाकता, नाकाला पदर लावून सांगितलं होतं. आई 'बाजूला काढ' म्हणायची तेव्हा ते जपून ठेवायचं असायचं. मला ते ठाऊक होतं. तू तोवर नुसती पुडीवाल्याच्या टेबलावर बसलेली. तिथे किडकं-कुजकं तेवढं निवडायचं, भामटी तोवर कधी आलीच नव्हती, आणि बाजूला काढायचं म्हणजे फेकायचंच.

तू बरोबर ऐकलं होतंस. मी म्हटलं तेच तू केलंस.

आज आणखी लिहवत नाही. हात चार वेळा धुतलेत.

८ जून

धाकटे,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. नऊ दिवस ती लिहायचं टाळते आहे. वाचून पत्र फाडलंस तरी चालेल, पण वाच.

तू बोंडं निवडत होतीस त्या दुपारी मी तुझ्या मागून गेले. तू जमिनीवर बसली होतीस, आईचं अंग पुसून नुकतीच आलेली, पुढ्यात दोन ढीग. ठेवायचा ढीग एवढासा आणि चुलीत टाकायचा मोठा. उलटं असायला हवं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आणि मला वास आला. भामटीचा, सरळ नाकात. मला वाटलं, नाही, मला वाटून घ्यायचं होतं, की तो तुझ्या कपड्यांना येतोय. आईच्या खोलीतला. मी नाक मुरडलं आणि पुढे गेले. तुझा हात तिथेच होता, मी वाकून दोनदा बोट दाबायचं होतं, बस्स. इतकी वर्षं दाबलं, आणि त्या दिवशी मला तुझी किळस आली म्हणून दाबलं नाही. आईची किळस आणि तुझी किळस, आणि सगळे तुझं कौतुक करतात त्याचाही राग. खरं सांगायचं तर रागच जास्त.

मग पुढच्या वसंतात अंगणात पोती परत आली. पुडीवाल्याने विचारलं, बी कुणी निवडलं? आणि मी बोट दाखवून ओरडले, "हिने! हिला नाकच नाही, मी काय करू?" बायका फिसकन हसल्या. कुणीतरी तिथल्या तिथे तुला बिननाकी म्हणाली. तू माझ्याकडे पाहिलंस. आत गेलीस, डबी घेतलीस आणि निघून गेलीस. मी तेव्हा मनात म्हटलं, चोर. आता वाटतं, बरं झालं नेलीस, नाहीतर मी तीही घालवली असती.

मला माझी शिसारी आली आहे. पिंपात हात घातले तेव्हा आली नव्हती इतकी.

काल मी पुडीवाल्याच्या आवारात गेले. मुद्दाम सुट्टीच्या भोंग्याला, सगळ्या बायका बाहेर पडतात तेव्हा. एका खोक्यावर उभी राहिले आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, दोन ढीग, वास, बोट, सगळं. खोकं डुगडुगत होतं. थोराड बाई म्हणाली, "खाली उतरा, पडाल." पुडीवाल्याने काडी तोंडातून काढली, एवढंच. नंतर म्हणाला, टेबल रिकामं आहे, तिला कळवा. मी त्याला तुझा पत्ता दिला नाही. द्यायचा की नाही ते तू ठरव. त्याच्याकडे परत यावंस असं मी म्हणणार नाही, त्याची ती काडी तुला रोज बघावी लागेल.

डबी मागत नाही. ती तुझीच आहे. पण ऑक्टोबरात पेर, कुठेही, कुंडीत, खिडकीत, धुलाईखान्याच्या मागे. बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, त्याला उजेड लागतो. फळकुटाने दाबायचं. हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण या वेळी नीट लिहायचंय. फूल आलं की नखाने चिर. पोकळ असेल ते ठेव. भरीव असेल ते फेक.

मी माझे वाफे नांगरून टाकले आहेत. दोन वर्षं तिथे काही लावायचं नाही, नुसतं उगवेल ते उपटायचं.

मला माफ कर असं लिहून मी तीन वेळा खोडलं. चौथ्यांदा खोडत नाही. मला माफ कर.

तुझी ताई

२१ एप्रिल

धाकटे,

पाकीट आज आलं. वर्षभराने. आत चिठ्ठी नाही, आणि तुझं बरोबर आहे, नको लिहू असं मीच सांगितलं होतं.

आधी मला वाटलं पाकीट रिकामं आहे. मग झटकलं तर टीपकागदात दाबलेलं एक फूल पडलं. मधोमध उभं चिरलेलं, तुझ्या नखाची ती सरळ चीर मी कुठेही ओळखीन. दोन्ही अर्धी शेजारी शेजारी ठेवलेली. मी चष्मा लावला, भिंग आणलं. खिडकीत नेऊन पाहिलं.

पोकळ आहे गं. दोन्हीकडून पोकळ.

पाकिटाला रुग्णालयाच्या साबणाचा वास येत होता. खरं सांगते, मला तो अजिबात आवडला नाही, पण मी पाकीट उशीखाली ठेवलं आहे. टीपकागद उघडला तेव्हा आधी साबण, मग कागद, आणि मग अगदी तळातून सफरचंद. आईच्या ओंजळीत यायचा तोच. शिंपीकाकांनाही हुंगायला दिलं, रुमाल आधी खिशात ठेवायला लावून. ते म्हणाले, "हे पोकळ चांगलं आहे तर!" आणि इतके खजील झाले की मला त्यांना चहा करून द्यावा लागला.

तू ते चिरून पाहिलंस, तुला खात्री आहे. पण वासाचं तुला कोण सांगणार? तेवढ्यासाठीच पाठवलंस ना? की मी आपली उगीच तसं धरून बसले आहे?

खाली कागदावर पिवळा डाग दिसतोय तो चहाचा नाही. फुलाची पिवळी पूड बोटाला लावून दाबलंय. नीट बघ, एकदाच दाबलंय.

ताई